पहिली सुई

“...पण थोर कोणती, बुवा? कडक भाषा की सैल?”

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. दिगंबरबुवा मठाच्या दवाखान्यात बाकावर बसून शेंगा सोलत होते.

या दवाखान्यातली सलाईनची यंत्रं बुवांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत. बावीस वर्षं! आता त्यांच्या या शिष्याने तोच प्रोग्राम संगणकाच्या नव्या, कडक भाषेत लिहून आणला होता. आज तो पहिल्यांदा पार्वतीआक्कांच्या यंत्रावर चालायचा होता. आक्कांचं काळीज आधीच थकलेलं. पाणी जरा जास्त गेलं, तरी कारभार आटोपलाच.

“तुमची सैल भाषा म्हणजे धर्मशाळा,” शार्दूल म्हणाला. “आकड्याच्या जागी अक्षर आलं तरी म्हणते, ये बाबा, घेऊ भागवून. माझी भाषा दारातच गचांडी धरते. चूक आत शिरेलच कशी?”

काय तो तोरा! गुरूपुढेसुद्धा मान ताठ.

“शिरणार नाही?”

“छातीठोक सांगतो.”

बुवांनी शेंगा बाजूला ठेवल्या. सदऱ्याची डावी बाही वर सारली.

“मग यंत्र आधी मला लाव.”

मनगटापासून कोपरापर्यंत हात सुयांच्या जुन्या डागांनी भरला होता.

“हे... हे कसलं दुखणं, बुवा?”

“दुखणं कसलं डोंबलाचं!” नर्स कुंदाताई हळूच म्हणाल्या. “प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललं, तरी पहिली सुई यांच्या हाताला. मगच पेशंटला.”

शार्दूलच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठ वर्षं आपण या माणसापुढे बसून शिकलो, आणि हा हात कधी पाहिलाच नाही! त्याला वर बघवेना.

कुंदाताईंनी पाकिटातून सुई काढली.

“थांबा, ताई... एकदा वाचतो.”

तो लॅपटॉप घेऊन खालीच बसला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून वाचू लागला. बुवांचा हात तसाच पुढे होता.

बऱ्याच वेळाने बोट एका ओळीवर थांबलं. आक्कांना तासाला वीस मिलिलिटर पाणी द्यायचं होतं. त्याने मिनिटाला वीस लिहिलं होतं. वीस म्हणजे आकडाच की. कडक भाषेने मुकाट आत सोडला होता.

शार्दूलची पाचावर धारण बसली. त्याने चूक सुधारली आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“चुकलो, बुवा. माझी भाषा कुचकामी. तुमची सैलच थोर.”



बुवांनी डावी बाही खाली केली. उजवी वर सारली. त्या हातावर एकही डाग नव्हता.

“तो हात सैल भाषेचा,” बुवा म्हणाले. “तुझ्या भाषेला हा घे. लाव.”