शिगेचं माप आणि रेघेचं माप

एका गावात एक मोठ्या मनाची बाई राहायची. हौसाबाई तिचं नाव. तिचं माप म्हणजे शिगेचं माप! दाणे असोत की पीठ, भांडं भरलं तरी वर रास रचल्याशिवाय तिचा हात थांबायचाच नाही. सपाट माप देणाऱ्याला ती चिक्कू म्हणायची, तेही तोंडावर.

एका वर्षी शेजारच्या दगडूतात्यांचं कांद्याचं बी उगवलंच नाही.

"काळजी कशाला करता? माझे सहा वाफे आहेत की. निम्मं रोप तुमचं," हौसाबाई म्हणाली. तात्यांनी रान तयार करून ठेवलं. त्यांची सगळी भिस्त आता त्या रोपावर.

वाफ्यांशेजारच्या बांधावर हराळी माजली होती. हौसाबाईने तणनाशक आणलं. बाटलीबरोबर रेघ आखलेलं छोटं माप होतं. एका पंपाला त्या रेघेपर्यंतच औषध घ्यायचं.

"वहिनी, रेघेच्या वर जाऊ नका," तात्या म्हणाले. "हातमोजे घाला. आणि वारं रोपाकडे वाहतंय, ते पडू द्या."

"अगं बाई, एवढंसं? माझ्या हातून कधी कमी गेलंय का?" असं म्हणत तिने माप काठोकाठ भरलं, वर आणखी एक ओतलं आणि भर वाऱ्यात फवारणी केली. त्या रात्री उघड्या हातांची नुसती आग आग झाली.

हराळी करपली, बाई खूश. पण आठवडाभरात सहाही वाफे पिवळे पडले. रोपाने माना टाकल्या.

"तात्या, मी तुमचं रान रिकामं ठेवलं हो!" ती रडत म्हणाली. तात्या चांगलेच रागावले. बिचाऱ्यांनी शेवटी हरभरा पेरला. आणि हराळी? तिची पानंच जळाली होती. महिन्याभरात मुळांतून पुन्हा फुटली की!

पुढच्या वर्षी वारं पडलेल्या सकाळी हौसाबाई हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून बसली. पंपात निम्मं पाणी, मग रेघेपर्यंत औषध, मग उरलेलं पाणी. थेंबभर जास्त झालं नाही. फवारलं तेही फक्त बांधावर.

रोप तरारलं. कबूल केलेल्या निम्म्याच्या वर दोन जुड्या घेऊन ती स्वतः तात्यांच्या रानात गेली.

"शीग आलीच का?" तात्या हसले.

"रोपाला शीग, तात्या. औषधाला रेघ," ती म्हणाली, आणि लावायला त्यांच्याबरोबर वाफ्यात बसली.

तात्पर्य काय, तर देताना हात सैल असावा, पण विषाला हात लावताना मापातच राहावं.