उजवा पाय

समुद्राकाठच्या एका गावात एक मिठागराचा मालक राहत होता. त्याच्याइतका भाविक माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. रोज पहाटेची चर्चमधली मिस्सा चुकायची नाही, उपवासकाळात चाळीस दिवस मटणाला हात लागायचा नाही. चर्चमध्ये त्याची जागा पहिल्या बाकावर. चुकून कोणी तिथे बसलंच, तर तो काही बोलत नसे. बसलेला माणूस उठेपर्यंत नुसता शेजारी उभा राहत असे.

गावात ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची एक रीत होती. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून वेदीपुढे बारा जणांना बसवत. फादर गुडघे टेकून प्रत्येकाचा उजवा पाय धूत, पुसत आणि त्याचं चुंबन घेत. त्या बारांत मालक दरवर्षी ठरलेला. आठ दिवस आधीपासून त्याची तयारी चाले. अंगणात तांब्याचं घंगाळ, त्यात गरम पाणी, बाजूला टाचा घासायची वजरी आणि खोबरेल. धुवायला न्यायचे पाय आधीच इतके धुतलेले असत, की फादरला करायला काही उरतच नसे.

त्या वर्षीही मालक असाच घंगाळात पाय सोडून बसला होता. तेवढ्यात त्याच्या मिठागरातला मजूर इनास लंगडत अंगणात आला. कालवाची शिंप त्याच्या उजव्या तळव्यात घुसली होती. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात अनवाणी उभं राहायचं, तिथे साधा ओरखडा भरत नाही. ही तर जखम. पाय घोट्यापर्यंत सुजला होता.

"मालक, चार दिवस पाय कोरडा ठेवला तर भरून येईल," इनास म्हणाला. "सुट्टी नको. मला बांधावर बसवा, मी पोती शिवतो."

मालकाने पाहिलं. दिसलं नाही असं नव्हतं. पण वाफ्यांत मीठ धरलं होतं, रास ओढायचे नेमके तेच दिवस, आणि इनाससारखा फावडं ओढणारा दुसरा नव्हता.

"एवढा सण होऊ दे," तो म्हणाला. "ईस्टर झाला की बघू. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

इनासने एकदा घंगाळातल्या वाफेकडे पाहिलं. मग 'बरं' म्हणून तो गेला. अंगणात त्याच्या पायाचे ओले डाग पडले होते, ते मालकाने कामवालीकडून धुऊन घेतले. आणि खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी त्याने इनाससाठी खरंच प्रार्थना केली, चांगली मोठी प्रार्थना.

गुरुवारी फादरने मालकाचा पाय धुतला तेव्हा मालकाने डोळे मिटून हात जोडले. त्याच दिवशी दुपारी इनास तापाने फणफणून मिठाच्या राशीजवळ कोसळला होता. सणाच्या गडबडीत त्याला तालुक्याच्या इस्पितळात न्यायला दोन दिवस गेले. तोवर पाय काळा पडला होता. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. मालक फळांची करंडी घेऊन भेटायला गेला. "देवाची इच्छा," तो म्हणाला. देवाला मध्ये घातलं की माणसाला घरी जाऊन सुखाने जेवता येतं.

वर्ष गेलं. त्या वर्षी फादरने ठरवलं, की बाराही जण मिठागरातले मजूर घ्यायचे. मालक नाराज झाला. नेमके त्या गुरुवारी सकाळी फादर पायरीवरून घसरले आणि त्यांचा गुडघा सुजला. खाली बसणं शक्य नव्हतं. पाय कोण धुणार? मालक लगेच पुढे झाला. पाय धुऊन घेण्यापेक्षा धुण्याचा मान मोठा, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. खांद्यावर पांढरा टॉवेल घेऊन मालकाने गुडघे टेकले. त्याने मान वर केली नाही. नम्र माणूस खालीच बघतो. एक पाय झाला, दोन झाले, पाच झाले. भेगाळलेले, मिठाने खाल्लेले पाय. इतक्या जवळून ते त्याने कधी पाहिले नव्हते. नवव्या खुर्चीपुढे तो सरकला, सवयीने उजव्या पायाच्या जागी तांब्या वाकवला, आणि पाणी सरळ खालच्या परातीत पडलं. तिथे पाय नव्हता. गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली पँट होती.

मालकाने मान वर केली. कुबडी मांडीवर आडवी धरून इनास बसला होता.

"डावा पुढे कर," मालक पुटपुटला.

"डावा मी घरी धुऊन आलोय," इनास हळूच म्हणाला. "उजवा घेऊन आलो होतो तुमच्या अंगणात. तेव्हा पाणी गरम होतं."

पहिल्या काही बाकांवर ते ऐकू गेलं. गाणाऱ्यांचं गीत संपलं, तरी मालक तिथून हलला नाही. उरलेले तिघे उघडे पाय घेऊन वाट बघत बसले. शेवटी फादर लंगडत आले, त्यांनी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि खुर्चीवर बसूनच ते तीन पाय धुतले.

त्यानंतर मालक पहिल्या बाकावर दिसला नाही. मिठाचे दिवस आले की तो रोज बांधावर गोड्या पाण्याची बादली, औषध आणि फडकी घेऊन बसतो. मजुरांचे पाय धुतो, जखमा बांधतो, जखम झालेल्याला खाऱ्या पाण्यात उतरू देत नाही. मालक सुधारला, असं गाव म्हणतं. तेही खरंच आहे. इनास कुबडी टेकत त्याच बांधावरून जातो. मालक दर वेळी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघतो. इनास थांबत नाही.

तात्पर्य: दारात आलेल्याला 'सण झाल्यावर ये' सांगून केलेली भक्ती देवापर्यंत पोचत नाही. पुढे पश्चात्ताप झाला तर देव उशीर माफ करतो. जखम माफ करत नाही.