बैस म्हणणारी राणी

एका राज्यात, डोंगराच्या पोटात, शापाचा एक खजिना होता. त्याला हात लावू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, राजा सुकेतूलाही. तरी एके दिवशी राजाने दार उघडवलं. मोठी माणसं उंबरठ्यावर वाद घालत उभी राहिली, आणि राजाची एवढीशी लेक जाई चकाकी बघून आत धावली. आत तीन कुत्रे जागे झाले.

खजिन्याचा राखणदार, जादूगार विकटदंत, धुरातून उभा राहिला.

"राजा, आतल्या सोन्याच्या ढिगावर पाय पडलेलं माणूस सूर्य मावळला की सोन्याचं होतं. लेक हवी तर तीन कुत्र्यांना बसव आणि पुढे जा. मात्र न्यायला येणाऱ्याला आत एकच शब्द बोलता येतो. तो शब्द 'बैस'. दुसरा बोलला तो दगड झाला."

सेनापती आत शिरला, "हट्" म्हणाला आणि दगड झाला. त्याच्यामागचा शिपाई "अरे देवा" म्हणाला, तोही झाला.

मग राजा गेला. दरबारात गरजतो तसा गरजला, "बैस."

पहिला कुत्रा पांढरा, धुक्यातून घडवलेला. तो घाबरला, आणि घाबरला की तो वाढत असे. वाढत वाढत त्याची पाठ छताला टेकली. राजा फाटक्या अंगरख्यानिशी बाहेर आला.

"आता मी जाते," राणी केतकावळी म्हणाली.

"तुझा आवाज आत्ताच कापतो आहे, राणी."

"कापू द्या, महाराज. लेक आत आहे."

दारावरच्या कोनाड्यातून एक साळुंकी उडाली आणि राणीच्या खांद्यावर बसली. "मी पाखरू. मला तो नियम नाही. सोबत येते."

"वाट दाखवशील?"

"वाट सरळच आहे, राणीसाहेब. मी आपली गंमत बघायला येते."

राणीने पाऊल आत टाकलं. पांढरा कुत्रा डोंगराएवढा उभा होता. तिच्या घशात किंकाळी आली. तेवढ्यात तिला दिसलं, की एवढ्या मोठ्या जनावराचं शेपूट पोटाखाली गेलंय आणि पाय लटलट कापतायत. ती अंग वळवून कडेला उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. तापातल्या लेकराला उठवताना लागतो तसा मऊ आवाज तिने काढला.

"बैस."

कुत्रा हातभर लहान झाला. तिने पुन्हा तसंच म्हटलं. तो म्हशीएवढा झाला, मग शेळीएवढा, आणि पायांवर हनुवटी टेकून बसला.

"आणि महाराज याच्यावर गरजले होते, बरं का," साळुंकी म्हणाली.

दुसरा कुत्रा ज्वाळेचा होता. या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत होता. पाय पडेल तिथे ठिणग्या. राणीने तोच मऊ, गोड सूर लावला. कुत्र्याला वाटलं, लाड चाललेत. तो धावत आला आणि त्याने तिच्या खांद्यांवर पंजे ठेवले. पदराने पेट घेतला.

"बैस, बैस, बैस," राणी ओरडली. तिचा आवाज चढला, तशी ज्वाळाही चढली.

"त्याला वाटतंय, तुम्हीही खेळताय," साळुंकी म्हणाली. "मला तर फार मजा येतेय."

राणीने पदर चुरगळून विझवला. दारातून येणारं ऊन पिवळं पडलं होतं. तिने खोल श्वास घेतला. आवाज खाली आणला, अगदी सावकाश, सपाट, आंब्याच्या गर्द सावलीसारखा गार.

"बैऽऽस."

ज्वाळा उतरली. गुडघ्याएवढी झाली, मग समईच्या वातीएवढी. कुत्रा बसला. शेपटीचं टोक तेवढं फुरफुरत राहिलं.

तिसरा कुत्रा काळ्या दगडाचा. पाठीवर शेवाळ, कानात पालीचं बिऱ्हाड. तो वाट अडवून उभा होता. ना भीत होता, ना खेळत होता.

राणी मऊ बोलली. त्याने जांभई दिली. राणी सावकाश बोलली. त्याने डोळे मिटले. मग ती विनवू लागली, बैस, बैस, बैस.

"यानं कितीतरी राजांचं असंच ऐकून घेतलंय," साळुंकी म्हणाली. "तुमचंही घेईल. घाई नाही त्याला."

ऊन लाल झालं. कुत्र्याच्या पायांमधून राणीला जाई दिसली. सोन्याच्या ढिगावर, गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली. तिच्या पायाची नखं सोन्याची झाली होती.

राणीने किंकाळी गिळली, रडू गिळलं. ती ताठ उभी राहिली. सुरात राग नाही, विनवणी नाही. जड आवाजात एकदाच म्हणाली,

"बैस."

आणि गप्प झाली. ते गप्प राहणंच सगळ्यात अवघड होतं. कुत्रा दुसऱ्या हाकेची वाट बघत होता. सोनं जाईच्या घोट्यापर्यंत चढलं, तरी राणीने ओठ उघडले नाहीत. मग डोंगर करकरला, आणि काळा कुत्रा बसला.

पुढे ढीग होता. त्यावर पाय पडला तर राणीही सोन्याची झाली असती. लेकीलाच खाली यायला हवं होतं, आणि 'ये' म्हणायची मुभा नव्हती. जाई तर बसलेलीच होती. तिला 'बैस' काय म्हणायचं?

राणी उघड्या जमिनीवर मांडी घालून बसली. तिने हात पसरले. आता तिने कुठला सूर शोधला नाही. रोज जेवू घालताना जो आपोआप निघतो, तोच निघाला.

"बैस."

जाईने मान वर केली. सोन्याचे जड पाय ओढत, घसरत ती खाली आली आणि आईच्या मांडीवर येऊन बसली.

सूर्य मावळला. कोणीच सोन्याचं झालं नाही. जाईचे पाय ऊबदार झाले. लेक सुटली तसा शापही सुटला, ढीग ढासळला आणि त्याची पिवळी माती झाली. दगड झालेले सेनापती आणि शिपाई हलले. विकटदंताने राणीला हात जोडले आणि तो धुरात मिळाला. त्याची राखण संपली होती. मागून तीन साधे कुत्रे बाहेर आले, एक बुजरा, एक उनाड, एक हट्टी.

राजाने त्या मातीत आंब्याची रोपं लावली आणि पुन्हा कधी डोंगर खणला नाही. राज्य होतं तसं सुखाने नांदू लागलं.

जशी जाई दिवेलागणीला घरी आली, तशी ज्याची त्याची लेकरं दिवेलागणीला घरी येवोत.