कोरड्या घाण्याची तहान

एकदा एका विणकरांच्या नगरावर असा प्रसंग आला की, भर दुपारी लोक दिव्याच्या काळजीने व्याकूळ झाले. त्या नगरातील माग बंद खोल्यांत चालत. वाऱ्याने ताणा कोरडा पडून धागे तुटू नयेत म्हणून तेथे खिडक्या ठेवण्याची रीतच नव्हती. त्यामुळे दिवसाही प्रत्येक मागाशी दिवा जळे, आणि त्या दिव्याचे तेल समुद्रापलीकडून येई. तेल आणणारी सारी गलबते एकाच चिंचोळ्या सामुद्रधुनीतून पार होत. तिच्या दोन काठांवरच्या राजांत वितुष्ट आले, जलमार्ग बंद पडला आणि ज्या राजांची नावेही विणकरांना ठाऊक नव्हती, त्यांच्या भांडणाचा काळोख मागांपर्यंत येऊन पोहोचला.

नगराबाहेरच्या टेकडीवर एका वृद्ध आचार्यांचा मठ होता. मठाच्या कोठाराची व्यवस्था चक्रपाणी नावाचा शिष्य पाहत असे. कोठारात तेलाचा एक मोठा बुधला भरलेला होता, आणि तो आता चक्रपाणीच्या जिवाला घोर लावून बसला होता. बाजारात जे दिसत होते ते भयंकर होते. ज्यांच्या घरी एक समई जळे, तेही हंडे भरून तेल साठवू लागले होते. टंचाई येईल या भीतीनेच ती आठवडाभर आधी येऊन ठेपली होती.

तेलाचा मोठा व्यापारी मात्र निश्चिंत होता. चक्रपाणीने धास्तावून विचारले, तेव्हा तो गादीवर रेलून म्हणाला, “बुवा, मी हा व्यापार वडिलांपासून पाहतो आहे. राजे भांडतात, दमतात आणि पुन्हा जकात घेऊ लागतात. जकातीवाचून राजाला झोप येत नाही. वाट उघडेल.”

केव्हा उघडेल, हे मात्र त्याने सांगितले नाही.

विणकर आळीत येसूबाई नावाची एक वयस्क स्त्री होती. तिच्या घरचे माग आळीत सर्वांत जुने. तिने चक्रपाणीला स्पष्ट सांगितले होते की, दिवे विझले तर मुलगे आणि सुना नदीकाठच्या दुसऱ्या नगरात निघून जातील. आणि तिचे घर उठले की उरलेली आळीही उठेल. एकदा उठलेली विणकर आळी पुन्हा बसत नाही, हे चक्रपाणी जाणून होता. त्याने तिला शब्द दिला की, मठाच्या बुधल्यातील तेल संध्याकाळी आळीत वाटले जाईल. आचार्य नाही म्हणतील, असे त्याच्या मनातही आले नव्हते.

त्या दुपारी आचार्यांनी बुधला बाहेर आणावयास सांगितले. चक्रपाणीला हायसे वाटले. परंतु आचार्य आळीच्या दिशेने न वळता मठामागच्या पडवीकडे चालू लागले. तेथे एक जुना तेलघाणा धूळ खात पडला होता. पूर्वी नगराचे तेल याच घाण्यावर निघे. समुद्रापलीकडचे तेल स्वस्त मिळू लागले आणि बैल सोडले गेले, ते कायमचे. त्याचे चिंचेच्या खोडाचे उखळ आता इतके सुकले होते की, त्याच्या कडेला बोट फिरवले तरी भुसा निघे.

आचार्यांनी उखळ स्वच्छ पुसून घेतले, आणि बुधल्याचे तोंड उघडून ते त्यात तेल ओतू लागले.

चक्रपाणीला प्रथम वाटले, म्हाताऱ्या हातांकडून चूक होत आहे. तो पुढे धावला. आचार्यांनी त्याला डोळ्यांनीच थांबवले. तेल उखळात पडत होते आणि पाहता पाहता नाहीसे होत होते. कोरडे लाकूड ते पीत होते. पुन्हा ओतले, पुन्हा प्याले. उरलेले तेल आचार्यांनी लाटेला, म्हणजे उखळात फिरणाऱ्या त्या जाड दांड्याला, हाताने चोळून जिरवले.

इतक्यात येसूबाई रिकामी कळशी घेऊन आली. रिकामा बुधला आणि तेलाने माखलेले आचार्यांचे हात पाहून ती शांतपणे म्हणाली, “महाराज, लाकडाला वंगण आणि माणसांना अंधार. मठाचा न्याय चांगला आहे. माझ्या सुनांना सांगते, घाण्यापाशी बसून विणा.”

चक्रपाणीची मान खाली गेली. दिलेला शब्द त्याच्या डोळ्यांदेखत त्या उखळात मुरला होता.

आचार्यांनी हात पुसले. “येसूबाई, रागवा, तुमचा अधिकार आहे. हे तेल आळीत वाटले असते, तर तुमचे दिवे अमावास्येपर्यंत जळाले असते. त्यानंतर तुम्ही, मी आणि हा चक्रपाणी पुन्हा त्याच सामुद्रधुनीकडे तोंड करून बसलो असतो. आपल्या प्रत्येक शेताच्या कडेला करडई उभी आहे. काटे टोचून गुरे शेतात शिरू नयेत म्हणून आपण ती लावतो आणि बी पाखरांना सोडतो. त्या बियांत तेल आहे. परंतु कोरड्या घाण्यात बी घातले, तर उखळ तडकते. घाणा तेल देण्याआधी तेल मागतो. दाराशी तेलच उरले नाही, म्हणजे तो चालू करता येत नाही. म्हणून आज ओतले. आज होते.”

येसूबाईने कळशी खाली ठेवली. तिने पाहिले ते आचार्यांकडे नव्हे, चक्रपाणीकडे. “आणि तोवर?” तिने विचारले.

चक्रपाणी तेथूनच निघाला. तो साठे करणाऱ्या घरांच्या दारोदार गेला, बोलणी ऐकली, हातापाया पडला, आणि जे थोडे मिळाले ते आळीत पोहोचवले. येसूबाईच्या घरी निम्मे माग बंद ठेवावे लागले. तिचा धाकटा मुलगा बिऱ्हाड घेऊन गेलाच, थोरला थांबला. मठाच्या पडवीत करडईच्या गोण्या येऊ लागल्या. पहिल्या घाण्याला नुसती कोरडी पेंड निघाली आणि जमलेले लोक हसले. दुसऱ्याला लाकडाच्या मुखाशी ओल दिसली. नंतर तेलाची बारीक धार लागली. ते तेल गढूळ होते, दिवा थोडा काजळी धरी, परंतु धागा दिसत असे.

मग, व्यापाऱ्याने म्हटले होते तसेच झाले. राजे दमले आणि जलमार्ग उघडला. अडकून पडलेली गलबते एकदम बंदराला लागली, आणि तेल पूर्वीपेक्षाही स्वस्त झाले. नगराने सुटकेचा निःश्वास टाकला. करडईच्या गोण्या येईनाशा झाल्या. लोक घाण्याचा विषय थट्टेने काढू लागले.

चक्रपाणीच्या मनातली काळजी मात्र त्या दिवसापासून वाढली. टंचाईत सारे नगर त्याच्यासोबत घाबरलेले होते. आता तो एकटाच घाबरलेला होता. आचार्यांना विचारावे म्हणून तो त्यांच्यापाशी गेला. ते फक्त घाण्याकडे पाहत राहिले. चक्रपाणी समजला. तो स्वतः शेतांच्या बांधांवरून करडई गोळा करू लागला, आणि ठरलेल्या वारी बैलाला झापड बांधून घाणा फिरवू लागला. ते तेल महाग पडे. तरी येसूबाई आपल्या मागांपैकी एका मागाला तेच घेई.

एके दिवशी व्यापारी मठात दर्शनाला आला. पडवीत बैल फिरताना पाहून त्याला हसू आवरेना. “चक्रपाणीबुवा, बाजारात तेल पाण्यासारखे वाहते आहे, आणि तुम्ही बैल दमवता? वाट केव्हाच उघडली, हे तुम्हांला कोणी सांगितले नाही वाटते.”

चक्रपाणीने बैल थांबवला नाही. “वाट उघडली आहे, शेठ,” तो म्हणाला, “रुंद झालेली नाही.”

शेठची नजर बंदराकडे वळली. त्याची निम्मी गलबते त्या क्षणी त्याच सामुद्रधुनीत होती.