किती वर्षांपासून ओळखता?

"आणि तू काय म्हणालास?" पूर्णाश्रम स्वामींनी विचारलं.

"काहीच नाही. मौन पाळलं," अद्वयाश्रम म्हणाला.

सांगताना त्याची मान जरा जास्तच ताठ होती. संन्यास घेऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातला एकही दिवस तो विसरला नव्हता. वडील गेल्याचं कार्ड आलं, तेव्हा संन्याशाच्या रीतीप्रमाणे त्याने एक आंघोळ केली आणि विषय संपवला. पुढे आठवडाभर मात्र तो येईल त्याला ती आंघोळ सांगत होता.

"नीट सांग," स्वामी म्हणाले.

त्याने सांगितलं. मठाच्या कामासाठी तो सकाळी घाटाजवळच्या बँकेत गेला होता. तिथे खिडकीपाशी एक म्हातारी बाई फॉर्म घेऊन उभी होती. मथुराबाई, त्याची पूर्वाश्रमीची आई.

नवरा गेल्यावर ती नदीपलीकडे बहिणीकडे राहायला आली होती. नवरा शाळामास्तर होता; त्याच्या मागे तिला मिळायची ती पेन्शन बँकेतच जमा होणार होती आणि खातं काही उघडत नव्हतं. त्या काळी नव्या माणसाचं खातं उघडायचं, तर एखाद्या जुन्या खातेदाराने सही करून द्यावी लागे, की मी यांना इतक्या वर्षांपासून ओळखतो. नव्या गावात तिला कोण ओळखणार? बहिणीचं स्वतःचं खातं नव्हतं. मथुराबाईंची ही तिसरी खेप होती.

"साहेब मला म्हणाले, 'महाराज, या बाई सारख्या तुमच्याकडे बघताहेत. ओळखीच्या आहेत का?'"

"मग?"

"मी गप्प राहिलो. तीच घाईघाईने म्हणाली, 'छे हो! मी नाही ओळखत यांना. संन्यासी आहेत ते. त्यांना कशाला यात ओढता?' आणि तिने मला नमस्कार केला."

"तू काय केलंस?"

"'नारायण' म्हणालो." कुणी नमस्कार केला की संन्याशाने एवढंच म्हणायचं असतं. "मन जरासुद्धा हललं नाही, स्वामीजी."



"फॉर्मचं काय झालं?"

"घडी करून पिशवीत ठेवला तिने. आणि गेली."

"कुठे?"

"एसटी स्टँडवर असेल. पलीकडची गाडी अडीचला आहे."

"म्हणजे मौन तू पाळलंस," स्वामी म्हणाले, "आणि खोटं तिला बोलावं लागलं."

  

स्वामी भिंतीला धरून उठले. ऐंशी वर्षांचे गुडघे, आणि बाहेर टळटळीत ऊन. दुपारी मठाबाहेर पडलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"छत्री घे," ते म्हणाले.

मथुराबाई स्टँडवर कडेच्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर धरून. स्वामींनी हातातला संन्यासाचा दंड क्षणभर शिष्याकडे दिला आणि भर स्टँडवर, केळेवाल्यादेखत, त्या बाईपुढे वाकून जमिनीला डोकं टेकवलं.

मथुराबाई दचकून उभ्या राहिल्या. "अहो, हे काय करताय! मला पाप लागेल."

"लागू द्या," स्वामी म्हणाले. "चला लवकर. बँक दोनला बंद होते."

साहेबांनी फॉर्म अद्वयाश्रमापुढे सरकवला. त्याने आपलं नाव लिहिलं. मठाचा खाते क्रमांक लिहिला. पुढचा रकाना होता, 'अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?'

पेन थांबलं...

पंखा फिरत होता. साहेब वाट पाहत होते. स्वामी बाकावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, जणू तिथे आणखी कुणी नव्हतंच.

"राहू दे रे," मथुराबाई हळूच म्हणाल्या आणि लगेच सावरल्या. "राहू द्या, महाराज. मी दुसरं कुणी बघते."

त्याने लिहिलं. चौतीस वर्षे.

साहेबांनी आकडा वाचला. मग त्या दोघांचे चेहरे पाहिले, एकसारखं नाक पाहिलं, आणि काही न विचारता शिक्का मारला.

तेव्हा अद्वयाश्रमाला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. आईला वाकून नमस्कार करताना त्याचा स्वतःचा दंड आधी खाली पडला, आणि तो उचलायचं त्याला सुचलं नाही. दंड मथुराबाईंनीच उचलला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

तिला गाडीत बसवून दोघं परत निघाले. घाटाच्या पायऱ्या आल्या.

"स्वामीजी..."

"हं."

"मी चौतीस वर्षं लिहिली. बरोबर लिहिलं ना?"

स्वामी एक पायरी उतरले. दम घेतला. मग दुसरी उतरले.

"बँकेपुरतं बरोबर आहे," ते म्हणाले. "तू आजपासून मोज."