उष्टं लोखंड

पेणच्या रेवती म्हात्रेची पिकअप वळणावर इतकी कलायची, की गेल्या साली मागे ठेवलेल्या गणपतीची सोंड तुटली आणि निम्मी गिऱ्हाइकंही. गाडी कलू न देणारा नवा दांडा परवडेना, म्हणून यंदा तिने मोडीत निघालेल्या गाडीचा तसलाच दांडा मेस्त्रीकडून मागच्या चाकांमध्ये बसवून घेतला.

मूर्ती न्यायला आलेले मंडळाचे अध्यक्ष दिगंबरशेठ वाकून गाडीखाली बघत गरजले, "भंगारातला दांडा? आमच्या बाप्पाला असलं उष्टं लोखंड चालायचं नाही. दुसरी गाडी बोलवा रे!"

हे भाडं गेलं तर हंगामच गेला. रेवतीने पदर खोचला. "शेठ, मूर्ती कसल्या मातीची?"

"गेल्या वर्षी विसर्जन केलेल्या बाप्पाच्याच!" शेठनी छाती फुगवली. "मंडळाचा नियमच आहे. माती कधी जुनी होत नसते."

"मग जुन्या मातीत सुखाने बसणाऱ्या बाप्पाला जुना दांडा कसा बाटवेल?"

कार्यकर्ते "मोरया!" ओरडले. शेठनी मूर्ती गाडीत चढवायला लावली.

पहिल्याच वळणावर रेवतीने आरशात पाहिलं. बाप्पा जागचे हलले नव्हते. तिने मोठा श्वास सोडला. शेजारी शेठ मात्र डोळे मिटून दार घट्ट धरून बसले होते.

"सोडा ते दार, शेठ," ती हसून म्हणाली, "वळण कधीच गेलं."