आठव्या अक्षराला हात मागे

"घर पेटलंय, आणि हा गडी अलंकार जुळवत बसलाय!" पिंपळगडचे राजे भुजंगराव भर तालमीत ओरडले. "बंद करा ते!"

झालं होतं असं. दसऱ्याच्या नाटकाची तालीम राजे बघत होते. राजवाड्याला आग लागते आणि सेवक धावत येऊन बातमी देतो, असा प्रसंग. सेवक आला धावत, पण तोंड उघडलं ते, "हे भूपाला, हे गुणशीला, अग्निज्वाला..." असं! पाच कडवी झाली तरी आग कुठं लागली ते काही कळेना.

राजांनी नाटककार केसोबा कवीला बोलावलं. "केसोबा, माणसं अशी बोलतात का हो?"

"महाराज, देवीपुढं पद्यातच नाटक करायचं, ही आपल्या आजोबांची रीत."

"रीत मोडायची नाही! नाटक पद्यातच हवं. पण ऐकताना मला ते पद्य आहे असं अजिबात कळता कामा नये. साधं, घरातलं बोलणं वाटलं पाहिजे. मोजलं तर मात्र पद्यच निघालं पाहिजे! आठ दिवसांत आणा. नाही जमलं तर नाटकघरात माझे घोडे बांधीन."

आता काय करायचं? केसोबानं साधं लिहिलं की ते गद्य व्हायचं. पद्य लिहिलं की शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानं लेखणी ठेवली, अन्नपाणी सोडलं आणि अंगणात डोकं धरून बसला. तीस वर्षं त्या नाटकघरात काढलेली! त्याच्याशिवाय त्याला दुसरं जग ठाऊक नव्हतं.

त्याची मुलगी म्हाळसा आईबरोबर पोहे कांडून घर चालवायची. तिला बापाची ही दशा बघवेना. आठव्या दिवशी पोह्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती तडक दरबारात गेली.

दरबाराची एक रीत होती. फिर्यादी जे बोलेल ते कारकुनानं शब्दन् शब्द लिहून घ्यायचं. म्हाळसा दिसताच कारकुनानं बोरू शाईत बुडवला.

"मुजरा हो, महाराज! मी केसोबाची पोरगी."

"नाटक कुठाय?" राजे गुरकावले.

"नाटक आणलंय मी. पण आधी थोडं बोलू?"

"बोल, पण लवकर आटप."

"बाबा आजारी पडले. चार दिवस उपाशी. डोक्याला हात लावून बसलेत अंगणात."

"म्हणजे? मी काय मारलं की काय त्यांना?"

"मारलं नाही कोणीच. पण नाटकघर हे घोड्यांना दिलंत तर म्हातारा जाईल कुठं?"

राजे जरा वरमले. "अगं पोरी, माझं काय त्यांच्याशी वैर आहे? पण आग लागल्यावर माणूस असं बोलतो का, तूच सांग!"

"खरं आहे तुमचं ते. घर पेटलं की बाई पोर उचलते आधी, उपमा शोधत नाही."

"शाब्बास!" राजांनी मांडीवर थाप मारली. "हेच मी कधीपासून घसा फोडून सांगतोय! तुला कळतं ते तुझ्या बापाला का कळत नाही?"

"कळतं हो, महाराज! पण दरबारी लोक अवघड शब्दांनाच बक्षीस देतात की हो!"

दरबारी लोक एकमेकांकडं बघू लागले. राजांना हसू आवरेना, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवून ते दाबलं.

"बरं, पुरे झाल्या गप्पा. काढ ती पोथी!"

"पोथी त्या कारकुनाच्या हातात आहे, बघा ना."

"आँ?" राजांनी कारकुनाकडं बघितलं. कारकून बिचारा घाबरून उभाच राहिला.

"अक्षरं मोजून घ्या ना. आठ-आठ मोजा फक्त."

कारकून बोटांवर मोजू लागला. "मुजरा हो महाराज... आठ! मी केसोबाची पोरगी... आठ! बाबा आजारी पडले... आठ! अरेच्चा!" त्याचा आवाज चढत गेला. "महाराज, ही आल्यापासून आठाच्या बाहेर गेलेलीच नाही! एकूण एक ओळ पद्यात आहे!"

राजे गादीवरून पुढं सरकले. "आणि मी शेजारणीशी बोलावं तसा हिच्याशी बोलत बसलो! पोरी, हे तुला शिकवलं कुणी?"

"उखळानं शिकवलं! आई मुसळ मारते, मी आत हात घालते. आठव्याला हात मागे, नाहीतर बोट गेलं!" मुसळाच्या ठेक्यावर आठ-आठ अक्षरं बोलत कांडणाऱ्या म्हाळसानं दोन्ही हात पुढं धरले. दहाही बोटं शाबूत होती.

इतका वेळ धुमसत असलेले दरबारचे शास्त्रीबुवा आता उठले. "महाराज, हे पद्य असेल, पण नाटक कसलं? हट्टी राजा आहे, दुःखी म्हातारा आहे, पण पुढं काय? नाटकाला शेवट नको?"

म्हाळसा राजांकडं वळली.

"शेवट राहिला आहे. तो तुमच्या तोंडी आहे."

राजे एकदा शास्त्रीबुवांकडं बघायचे, एकदा म्हाळसाकडं. मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून पोह्यांच्या टोपलीत टाकलं आणि गर्जना केली, "घोड्यांना दुसरी जागा!"

कारकुनाची बोटं अजून चालूच होती. तो आनंदानं किंचाळला, "आठ, महाराज! तुमचीसुद्धा आठच!"

राजे आधी चपापले, आणि मग असे खदखदून हसले की डोक्यावरचा मंदिल कारकुनाच्या शाईत जाऊन पडला.